प्लॅस्टिकचं तेल : डांबर प्लँटला चालेल, भट्टीला जपून, स्टोव्हला अजिबात नाही

आधी निकाल सांगतो, घाई असेल त्यांनी एवढंच वाचून जावं. प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून काढलेलं जे तेल हल्ली आमच्या भागात बॅरलनं मिळायला लागलंय, त्यात उष्णता भरपूर आहे, भाव डिझेलच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि माल खोटा नाही. पण ते डिझेल नाही, आणि रॉकेल तर मुळीच नाही. विकणारा ‘डिझेलसारखंच आहे हो’ म्हणाला, तर त्याला एकच विचारा : त्यातला पेट्रोलसारखा हलका भाग वेगळा काढता का? तो इकडेतिकडे बघायला लागला, तर मग पुढचं सगळं वाचा.

मी पंढरपुरात भट्ट्या आणि बर्नर दुरुस्त करतो. आयटीआय केलं, काही वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली, मग स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे मठ, धर्मशाळा, मंगल कार्यालयं, आचारी, दोन-चार बेकऱ्या आणि पावसाळा सरला की डांबर प्लँट. आषाढीच्या आधी महिनाभर मला जेवायला फुरसत नसते. भगरीचं आधण असो की बारशीच्या पुरणाचं, प्रत्येक मठाला दशमीच्या आत भट्टी निळी जळताना बघायची असते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यातल्याच एका एमआयडीसीत त्यांची शेड आहे, मालक तरुण आहे, धंदा अजून पाय रोवतोय. जे खटकलं ते त्याला तोंडावर सांगून झालंय. शिवाय मी जे लिहितोय, त्यातलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही लहान प्लँटच्या तेलाला लागू पडेल.

लोकांना वाटतं ही काहीतरी परवाची जादू आहे. तसं नाही. नागपुरात अलका झाडगावकर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेनं दोन दशकांपूर्वीच हे करून दाखवलं होतं, बुटीबोरीला त्यांचा प्लँटही उभा राहिला होता. जपानमध्ये अकिनोरी इतो नावाच्या गृहस्थांनी टेबलावर मावेल एवढं यंत्र बनवलं आणि ते देशोदेशी नेऊन दाखवलं. जेजुरीला रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्सचं काम आहे. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी ते उभं केलं, पुण्यातल्या घराघरांतलं प्लॅस्टिक तिथं येतं. डेहराडूनला सरकारी पेट्रोलियम संस्थेत ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या साथीनं २०१९च्या ऑगस्टमध्ये प्लँट सुरू झाला, दिवसाला १ टन प्लॅस्टिक घेऊन ८०० लिटरपर्यंत डिझेल काढणारा. हा ८०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शास्त्र अवघड नाही. दुधाची पिशवी म्हणजे पॉलिथिन, आणि पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. डिझेलमध्येही कार्बन-हायड्रोजनच, फक्त साखळ्या आखूड. बंद भांड्यात, हवा लागू न देता, चारशे अंशांच्या वर तापवलं की लांब साखळ्या तुटतात, वाफ होते, ती गार केली की तेल. हवा नसल्यामुळे जळत काहीच नाही. ही ‘हवा नसल्यामुळे’ची अट मात्र अख्ख्या धंद्याचा जीव आहे, आणि कधीकधी माणसांचाही. रिअ‍ॅक्टर गरम असताना झाकण उघडलं तर आतली तापलेली काजळी हवा लागताच पेट घेते.

मी प्लँट बघायला गेलो तो रिअ‍ॅक्टर बघायलाच. बॉयलरवाल्या माणसाची खोड, आधी प्रेशर गेज कुठंय, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठंय, त्याच्यावर शिक्का आहे का, हे बघणार. ते सगळं ठीक होतं. पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेडच्या दारातल्या निवडीच्या टेबलापाशी.

तिथं पाच-सहा मावश्या बसतात. समोर डोंगर. मी गेलो तेव्हा वारी होऊन गेली होती आणि डोंगरात निम्मा माल पंढरपूरचाच होता : वारकऱ्यांनी अंगावर घेतलेले पातळ प्लॅस्टिकचे कागद, राजगिरा लाडवांच्या पिशव्या, पाण्याची पाकिटं, केळ्यांचे खोके बांधलेल्या सुतळ्या, बिस्किटांचे कागद. ज्यांनी वारीनंतरचं वाळवंट पाहिलंय त्यांना हा डोंगर कुठून येतो ते सांगायला नको. भंगारवाला त्यातल्या बाटल्या उचलतो, जाड डबे उचलतो, आणि हे पातळ, चिखलानं माखलेलं कोणी हातात धरत नाही. ते एकतर पेटवलं जातं किंवा पहिल्या पुराबरोबर चंद्रभागेत जातं. प्लँट नेमकं तेच घेतो. माझ्या लेखी या सेवेचे अर्धे गुण इथंच जमा झाले.

आता त्या मावश्या करतात काय ते सांगतो, कारण तुमच्या बॅरलमधलं तेल चांगलं की वाईट हे तिथं ठरतं, रिअ‍ॅक्टरमध्ये नाही. पातळ, पारदर्शक वारीचा कागद पॉलिथिनचा, तो चालतो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण जाड, रंगीत, बाह्या शिवलेला रेनकोट बहुतेक वेळा पीव्हीसीचा, तो चालत नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापलं की त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं, मग ते पाइप खातं, टाकी खातं आणि तेलात उतरून तुमचा बर्नर खातं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक वेगळंच, त्याची मेणासारखी पांढरी पावडर होऊन गार करायच्या नळ्यांत बसते. वेफर्सच्या पाकिटात आतून चंदेरी थर असतो, तो तेल थोडंच देतो आणि काजळी वाढवतो.

एक मावशी कागद हातात चुरगाळून नुसत्या आवाजावरून बाजूला टाकत होत्या. शंका आली की तुकडा समोरच्या बादलीत. तरंगला तर आत, बुडाला तर बाहेर. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, पीव्हीसी आणि बाटलीचं प्लॅस्टिक बुडतं. लाखांचं यंत्र नको, बादली पुरते. मी विचारलं, “मावशी, सगळ्यात त्रास कशाचा?” म्हणाल्या, “वाढदिवसाच्या फ्लेक्सचा. पुढारी मोठा तेवढा फ्लेक्स मोठा, आणि सगळा बाद.” फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी, दोन्ही नको असलेल्या गोष्टी एकत्र. तालुक्यातल्या भावी आमदारांनी एवढं वाचलं तरी पुरे.

एक गोष्ट मला तिथं आवडली नाही आणि ती मी बोललो. मावश्यांच्या हातात मोजे नव्हते, नाकाला ओढणी. कचऱ्यात इंजेक्शनच्या सुया येतात हे मालकाला माहीत होतं. “आणलेत मोजे, पण घालत नाहीत,” म्हणाला. मोजे घातले की आवाज आणि स्पर्श कळत नाही, निवड मंदावते, आणि पगार किलोवर. मग कोण घालेल? पगार रोजावर करा, मोजे आपोआप चढतील. हे तेलाच्या परीक्षणात कशाला, असं कोणी विचारेल. निवडणारा माणूस किलोवर धावत असेल तर पीव्हीसी आत जाणारच, एवढंच उत्तर.

रिअ‍ॅक्टरबद्दल थोडक्यात. सकाळी भरतात, झाकण आवळतात, सुरुवातीला लाकडावर तापवतात. गॅस यायला लागला की तोच गॅस खाली बर्नरला फिरवतात, मग बाहेरचं इंधन फारसं लागत नाही. हा गॅस थंड करूनही तेल होत नाही, तो जाळायलाच हवा. काही ठिकाणी तो नुसता धुराड्यातून सोडून देतात. असा प्लँट दिसला तर त्यांचं तेल घेऊ नका, बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी. रात्रभर भांडं थंड होऊ देतात, दुसऱ्या दिवशी काजळी काढतात. काजळी पोत्यात भरून शेडमागे रचलेली होती. “विटभट्टीवाले नेतात” असं सांगितलं. पोत्यांवरची धूळ बघता बरेच दिवस कोणी नेलेली दिसत नव्हती.

तेल किती निघतं? मालक म्हणाला टनाला साडेसहाशे लिटर. डेहराडूनच्या ८०० च्या मानानं कमी, पण मला हा आकडा पटला, कारण त्याचा माल वाळवंटातला आहे. वाळू, पाणी, शेण, सगळं वजनात धरलेलं असतं. कोणी तुम्हाला १ टन कचऱ्यातून १००० लिटरच्या गोष्टी सांगून मशीन विकायला आला, तर चहा पाजून पाठवून द्या. ही मशीनं विकणारे ग्रामपंचायतींच्या दारात बरेच फिरतात.

आता तेल.

रंग ताज्या तेलाचा पिवळट तपकिरी, उन्हात धरलं तर आरपार दिसतं. वास उग्र, पेटवलेल्या मेणबत्तीचा आणि पेट्रोलचा मिळून. टायरच्या तेलाशी याची गल्लत करू नका. बाजारात ‘पायरोलिसिस ऑइल’ म्हणून जे काळंकुट्ट, सडक्या वासाचं तेल स्वस्तात मिळतं ते टायरचं. रबर पक्कं करायला गंधक घालतात, ते गंधक तेलात उतरतं. वाड्याकडे, पालघर जिल्ह्यात, असे टायरचे कारखाने बरेच आहेत आणि त्यांच्या धुराच्या तक्रारीही जुन्या आहेत. प्लॅस्टिकचं तेल म्हणून कोणी त्यात टायरचं मिसळून देत असेल तर नाक आणि काचेची बाटली दोन्ही सांगतात.

माझी तपासणी साधी. काचेच्या बाटलीत नमुना घेऊन रात्रभर ठेवायचा. खाली पाणी उतरतं का, गाळ बसतो का बघायचं. मग थोडं तेल तेवढ्याच स्वच्छ पाण्याबरोबर हलवायचं, पाणी खाली बसलं की त्यात लिटमसचा निळा कागद बुडवायचा. लाल झाला तर निवडीत कुठंतरी रेनकोट किंवा फ्लेक्स आत गेलाय. माझ्याकडे आलेल्या बॅरलपैकी बहुतेकांत कागद निळा राहिला, एकदा मात्र चांगला लालसर झाला. ते बॅरल मी परत पाठवलं. वाद न घालता त्यांनी बदलून दिलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

एक नमुना सोलापूरला प्रयोगशाळेत दिला होता. घनता ०.७९, उष्मांक किलोला १०,४०० किलोकॅलरी, गंधक नगण्य. इथपर्यंत वाचून मी खूश. पुढची ओळ, फ्लॅश पॉइंट : २३ अंशांच्या खाली.

जरा थांबून हे समजून घ्या, कारण सगळी गोम इथं आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे किती तापमानाला तेलाच्या वर एवढी वाफ साचते की ठिणगी लागताच भडका उडेल. रॉकेलला मानकानं हा आकडा किमान ३५ हवा. पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली असतो. प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात त्या एकसारख्या तुटत नाहीत. काही पेट्रोलएवढ्या आखूड होतात, काही डिझेलएवढ्या, काही मेणाएवढ्या लांबच राहतात. तिन्ही एकाच बॅरलमध्ये. रिफायनरीत हे वेगळं काढायला उंच मनोरा असतो, डेहराडूनसारख्या ठिकाणी त्याची सोय असते, शेडमधल्या प्लँटमध्ये बहुधा नसते. म्हणजे तुम्ही ‘डिझेलसारखं’ म्हणून जे घरी नेताय त्यात पेट्रोल विरघळलेलं आहे. मे महिन्यात पंढरपुरात सावलीत चाळीसच्या पुढे पारा जातो. त्या गर्मीत बॅरलचं बूच उघडलं की फुस्स आवाज येतो, तो त्याच हलक्या भागाचा.

कायद्यातही याला वेगळी जागा आहे. २३ अंशांखाली पेटणारं ते वर्ग ‘अ’, पेट्रोलच्या पंगतीतलं. २३ ते ६५ वर्ग ‘ब’, त्यात डिझेल-रॉकेल. वर्ग ‘ब’चं तेल विनापरवाना २५०० लिटरपर्यंत ठेवता येतं, एका भांड्यात हजाराच्या वर नाही. वर्ग ‘अ’चं, विकायचं नसलं तरी, अवघं ३० लिटर. एक बॅरल २०० लिटरचं असतं. हिशेब तुम्हीच करा. मालकाच्या बिलावर नुसतं ‘इंडस्ट्रियल ऑइल’ लिहिलेलं आहे, वर्गाचा पत्ता नाही. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

भावाचं सांगतो. तेल किलोवर विकतात, लिटरवर नाही. फर्नेस ऑइलच्या धंद्यात तशीच रीत आहे, त्यात फसवणूक नाही, पण नवीन माणूस गडबडतो. मला जीएसटी धरून ५८ रुपये किलो पडलं. घनता ०.७९, म्हणजे लिटरला ४६ रुपयांच्या जवळपास. डिझेल नव्वदीच्या घरात. लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा सातेक टक्के कमी मिळते, कारण तेल हलकं आहे. ते धरूनही बचत दणदणीत आहे. फक्त बॅरल वजन करून घ्या. माझ्यासमोर एकदा ‘दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो’ असं लावायचा प्रयत्न झाला. ड्रायव्हरचा घोळ होता म्हणतात. असेल.

आता कुठं काय होतं ते.

डांबर प्लँट. इथं हे तेल पहिल्या नंबरानं पास. खडी वाळवायच्या ड्रमला मोठा बर्नर असतो, जोरात हवा, जोरात तेल, उघड्या माळावर. पंपाच्या आधी एक जादा जाळी बसवून दिली आणि हवेचा झडपा थोडा उघडला, बस्स. धूर पांढरा नाही, काळा नाही. ऑपरेटर खूश, कंत्राटदार त्याहून खूश.

पण तिथं उभं असताना मला दुसराच प्रश्न पडला. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी, ज्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, हेच पातळ प्लॅस्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर टाकलं आणि वरून डांबर ओतलं. प्लॅस्टिक खडीला चिकटतं, रस्ता पाण्याला दाद देत नाही, डांबरही थोडं वाचतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१३ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली आहे. म्हणजे ज्या प्लँटच्या ड्रममध्ये प्लॅस्टिकचं तेल जळतंय, त्याच प्लँटच्या मिक्सरमध्ये ते प्लॅस्टिक सरळ टाकता आलं असतं. तेल करण्यात तिसरा हिस्सा गॅस-काजळीत गेला, लाकूड जळलं, ट्रक फिरला. २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत रस्ता, ऊर्जा आणि तेल हे तिन्ही मार्ग एका ओळीत दिलेत. माझ्या मते स्वच्छ, कोरडं, पातळ प्लॅस्टिक आधी रस्त्याला जावं आणि उरलंसुरलं तेलाला. कंत्राटदाराला हे बोललो, तो म्हणाला, “मिस्त्री, टेंडरमध्ये असेल तर टाकतो.” तेही खरं.

भट्टी. आचाऱ्यांची डिझेल भट्टी तुम्ही लग्नात पाहिली असेल. वर टाकी, बारीक नळीनं तेल खाली उतरतं, तापलेल्या वाटीत त्याची वाफ होते, ब्लोअर वारा घालतो. डिझेलला पेटायला वेळ लागतो, म्हणून आचारी आधी चिंधी पेटवतात. या तेलाला चिंधी लागत नाही, तिथंच धोका आहे. भट्टी चालू असताना वीज गेली, ब्लोअर थांबला आणि तेलाचा कॉक कोणी बंद केला नाही, तर तापलेल्या वाटीत वाफ साचत राहते. वीज आली, ब्लोअर फिरला, की भक्‌कन जाळ तोंडावर. डिझेलमध्येही हे होतं, पण इथं निम्म्या वेळात होतं. मठातल्या एका आचाऱ्याच्या भुवया गेल्या, यावरच निभावलं. त्यानंतर मी जिथं जिथं हे तेल वापरू देतो तिथं टाकी भट्टीपासून लांब भिंतीपलीकडे घ्यायला लावतो, आणि कॉक असा बसवतो की वीज गेली की आपोआप बंद. सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, फार महाग नाही. तो बसवायचा नसेल तर डिझेलच वापरा, माझ्याकडे येऊ नका.

बंदिस्त स्वयंपाकघरात मी हे तेल चालवत नाही. ज्योत निळी असली तरी पेटवताना आणि विझवताना वास येतो, डोळे चुरचुरतात. मोकळ्या मांडवात ठीक. आणि थेट ज्योतीवर काही भाजायचं असेल, वांगी म्हणा, पापड म्हणा, तर नाहीच. निवडीतून काय आत गेलंय याची हमी कोण देणार?

बेकरीचा फिरता ओव्हन. त्यात बर्नरचा धूर वेगळ्या खोलीतून जातो, पावाला लागत नाही, म्हणून एका बेकरीवाल्यानं आग्रह धरला. काही आठवडे चाललं, मग नॉझल चिकटायला लागलं. कारण असं की या तेलातल्या तुटलेल्या साखळ्यांची टोकं मोकळी असतात, ती नुसती ठेवून ठेवून एकमेकांना जुडतात आणि डिंक तयार होतो. ताजं पिवळं तेल महिन्याभरात काळपट होतं ते यामुळेच. बेकरीवाल्यानं भाव बघून साठा करून ठेवला होता. साठा करायचं तेल नाही हे. लागेल तेवढंच, ताजं घ्या, आणि बॅरलवर तारीख लिहून मागा. कंपनी तारीख टाकत नाही, खडूनं लिहा म्हटलं तर लिहून देतात.

पंपाचं इंजिन. नदीकाठच्या शेतकऱ्यांकडे जुनी, संथ फिरणारी पाच हॉर्सपॉवरची इंजिनं अजून आहेत. ही इंजिनं काहीही पितात अशी त्यांची ख्याती. निम्मं डिझेल निम्मं हे, असं घातलं की चालतात, आवाज जरा ठोकतो. पण डिझेलच्या अंगात वंगण असतं, इंजिनाला तेल देणाऱ्या पंपातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, त्यावरच जगतो. हे तेल पातळ, त्यात वंगण कमी. वर्षभरात हा तेलाचा पंप घासला की दुरुस्तीला माझ्याकडेच याल, माझं भलंच आहे. नवी इंजिनं, ट्रॅक्टर, जीप, यात एक थेंबही नको. पेट्रोल पंपावर मिळणारं बीएस-६ डिझेल कुठल्या मापाचं असतं आणि हे कुठल्या, याची तुलनाच नाही. रस्त्यावरच्या गाडीत घालणं बेकायदाही आहे.

थंडी. कार्तिकीला पहाटे मठातून फोन, “मिस्त्री, तेल येईना.” जाऊन बघितलं तर नळीत मेण. लांब राहिलेल्या साखळ्या त्या ह्या. बॅरलच्या तळाला हात घातला तर तुपासारखं थिजलेलं. वर उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ. तळाचं चार बोटं तेल वापरायचंच नाही, हा माझा नियम, आणि दिवाळी ते महाशिवरात्र फिल्टर दर आठवड्याला धुवायचा.

स्टोव्ह. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून झोपडपट्टीत, पालावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर पंपाचे स्टोव्ह रिकामे पडलेत. काही किरकोळ दुकानदार हे तेल बाटलीनं ‘नवं रॉकेल’ म्हणून विकायला लागलेत. पंप मारलेल्या पितळी टाकीत, वर्ग ‘अ’चं तेल, चार फुटांच्या कोपीत, शेजारी पाचटाचं छप्पर, आणि पोर झोपलेलं. ज्या प्लँटमध्ये हलका भाग वेगळा काढून, तपासून, स्टोव्हसाठीचं म्हणून तेल दिलं जातं त्यांची गोष्ट निराळी. आमच्याकडे येणारं तसं नाही. मालकाला मी म्हटलं, बॅरलवर लाल अक्षरात लिही, ‘स्टोव्हसाठी नाही’. त्यानं स्टिकर छापले. इंग्रजीत. मग मी मराठीत लिहून दिलं, ते आता लागतात.

प्लॅस्टिक द्या, तेलात सूट घ्या, अशी त्यांची योजना आहे आणि तिच्याबद्दल चांगलंच बोलीन. मठानं वारीनंतर साठवलेलं प्लॅस्टिक तोलून नेतात, किलोमागे ठरलेली रक्कम पुढच्या बिलातून वजा. रक्कम मोठी नाही. पण मठाच्या मागचा उकिरडा, जो दरवर्षी काडी लावून पेटवला जायचा, तो या वर्षी पेटला नाही. शेजारच्या शाळेचे मास्तर मला रस्त्यात थांबवून म्हणाले, यंदा वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवता आल्या. गाडी मात्र वेळेवर येत नाही. ‘उद्या’ म्हणजे चार दिवस धरून चाला, आणि दशमी-एकादशीच्या आसपास मागवूच नका, रस्ते बंद असतात हे त्यांना दरवर्षी नव्यानं कळतं.

हा धंदा टिकेल का, हे मला दुकानात सगळे विचारतात. जागतिक बाजारात कच्चं तेल पडलं की याचं गणित बिघडतं, कारण कचरा गोळा करायचा, निवडायचा, वाळवायचा खर्च काही त्याबरोबर खाली येत नाही. नुसत्या तेलाच्या विक्रीवर तरणं अवघड दिसतं. नगरपालिकेनं कचरा उचलण्याचे पैसे दिले तर मावश्यांचा रोज निघेल. सध्या नगरपालिका फुकट नेताय म्हणून आभार मानते.

कोणी घ्यावं : डांबर प्लँट, मोठे औद्योगिक बर्नर, चुन्याच्या भट्ट्या, जिथं टाकी बाहेर आहे आणि माणूस जाणता आहे. मांडवातल्या भट्टीला सोलेनॉइड बसवून, ताजं, वजन करून, लिटमस लावून. पाचपैकी तेलाला तीन, प्लॅस्टिक उचलण्याच्या सेवेला चार, बिलाला आणि वेळेला एक. हलका भाग वेगळा काढायची छोटी कॉलम बसवतोय असं मालक दिवाळीपासून सांगतोय. बसली की तेच तेल पुन्हा सोलापूरला तपासायला देईन. फ्लॅश पॉइंट ३५ च्या वर आला तर तेलाचा तिसरा तारा चौथा करीन, तोवर मठाच्या आवारात एका वेळी एका कॅनपेक्षा जास्त उतरवायला माझी ना आहे.